गरोदरपणात जांघ, ओटीपोट आणि कंबर दुखते तेव्हा काय करायचं

गरोदरपणात कमरेच्या खाली काहीही दुखू लागलं की सहसा दोन सल्ले मिळतात. एक, 'या दिवसांत असं दुखायचंच, सोस थोडं.' दुसरा, 'पडून राहा, काही करू नकोस.' पहिल्यात उपाय नाही आणि दुसऱ्यानं बऱ्याचदा दुखणं वाढतं. खरा उतार पडतो तो दिवसभरात नकळत होणाऱ्या साध्या हालचाली बदलल्यावर. कूस बदलणं, खुर्चीतून उठणं, पाय उचलून पॅन्ट घालणं, जिना चढणं, या त्या हालचाली. व्यायाम, पट्टा, गोळी यांचा उपयोग आहे, पण हालचाली जुन्याच राहिल्या तर त्यांचा फारसा गुण येत नाही.

म्हणून या लेखात हालचालींना जास्त जागा दिली आहे. त्याआधी मात्र दोन कामं करायची आहेत. दुखणं कोणतं ते ओळखायचं आणि घरगुती उपायांच्या पलीकडचं काही नाही ना, याची खात्री करायची.

पहिलं काम: दुखणं कुठलं ते ओळखा

एक प्रकार चमकेचा. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनी एकेक दोरीसारखा लिगामेंट निघतो आणि जांघेतून खाली उतरतो. त्याला राउंड लिगामेंट म्हणतात. गर्भाशय वाढतं तसा तो ताणला जातो. अशा ताणलेल्या अवस्थेत तुम्ही झटकन उठलात, शिंकलात, खोकलात, जोरात हसलात किंवा अंथरुणात पटकन वळलात की एका बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे, ओटीपोटापासून जांघेपर्यंत सणकन चमक जाते. ती काही सेकंद राहते, फार तर काही मिनिटं, आणि आपोआप ओसरते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात हा त्रास जास्त जाणवतो. पहिल्यांदा चमक येते तेव्हा बहुतेक जणी घाबरतात आणि ते साहजिकच आहे, पण बाळाला त्यानं काही होत नाही.

दुसरा प्रकार पेल्व्हिसच्या सांध्यांचा. पेल्व्हिस म्हणजे हाडांचं एक कडं. समोर, जांघांच्या मधोमध एक सांधा असतो आणि मागे, माकडहाडाच्या थोडं वर, डावीकडे आणि उजवीकडे एकेक. हे तीन सांधे एरवी फारच थोडे हलतात. गरोदरपणात ते सैल होतात, पोटाचा भार वाढतो, चालायची ढब बदलते आणि तिघांची हालचाल सारखी राहत नाही. मग समोरच्या हाडावर, कमरेच्या खाली मागच्या बाजूला, खुब्यात किंवा मांडीच्या आतल्या भागात दुखू लागतं. साधारण ५ पैकी १ गरोदर बाईला हा त्रास होतो. तो कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकतो.

दोन्हींतला फरक असा ओळखा. उभ्यानं एक पाय उचलून पॅन्ट घालताना दुखतं का? जिना चढताना, गाडीतून उतरताना, पाय फाकवल्यावर दुखतं का? चालताना समोरच्या हाडात 'कट्' असं काही वाजल्यासारखं, घासल्यासारखं वाटतं का? तसं असेल तर बहुधा सांध्यांचं दुखणं आहे. क्षणभर चमक येऊन गेली आणि नंतर सगळं ठीक, असं असेल तर बहुधा लिगामेंटचं. दोन्ही एकत्र असणंही सर्रास आढळतं.

सगळं खापर रिलॅक्सिन या हॉर्मोनवर फोडायची पद्धत आहे. सांधे सैल होण्यात हॉर्मोनांचा वाटा आहेच. पण रक्तातलं रिलॅक्सिन आणि दुखण्याची तीव्रता यांचा थेट मेळ अभ्यासांमध्ये बसलेला नाही. समोरच्या सांध्यातली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते, गरोदरपणात ती आणखी २ ते ३ मिलिमीटरनं वाढते. ती बहुतेक सगळ्यांचीच वाढते, पण दुखतं काही जणींनाच. तेव्हा 'हॉर्मोनचं आहे, बाळंतपणापर्यंत इलाज नाही' असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबू नका.

दुसरं काम: डॉक्टरांना लगेच कधी गाठायचं

खालीलपैकी काहीही असेल तर ते लिगामेंटचं किंवा सांध्याचं दुखणं समजून घरी बसू नका. त्याच वेळी फोन करा किंवा दवाखान्यात जा.

- अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं.
- ३७ आठवड्यांच्या आत ठरावीक अंतरानं पोट आवळून येणं किंवा खाली जोर आल्यासारखं वाटणं.
- न थांबणारी, वाढत जाणारी पोटदुखी. पोट दगडासारखं कडक होणं.
- दुखण्यासोबत ताप, थंडी, उलट्या किंवा लघवीला जळजळ.
- बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणं.
- बरगड्यांखाली दुखणं आणि जोडीला तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक होणं किंवा अचानक चेहऱ्यावर-हातांवर सूज.
- एकाच पायाची पोटरी सुजणं, गरम लागणं, दुखणं.
- जांघांच्या मध्ये बधिरपणा येणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा पायातली शक्ती कमी होणं.
- शेवटच्या महिन्यांत खुबा अचानक इतका दुखणं की त्या पायावर भारच टाकवत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत एकाच बाजूला जोरात दुखत असेल, विशेषतः चक्कर येत असेल किंवा खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, तर गर्भ नळीत राहिलेला असण्याची शक्यता तातडीनं तपासावी लागते. आणि उजवीकडची प्रत्येक कळ लिगामेंटचीच असते असंही नाही. गरोदरपणातही अपेंडिक्स सुजतं. लिगामेंटची चमक येते आणि जाते. तासन्‌तास राहते ती वेगळी गोष्ट.

चमक येत असेल तर

इथे फार काही करावं लागत नाही. चमक आली की आहात तिथे थांबा, शक्य असेल तर बसा. गुडघे पोटाकडे थोडे घ्या म्हणजे ताण सैल पडतो. ज्या बाजूला दुखतंय त्या बाजूला किंचित झुकलं तरी बरं वाटतं.

शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की आधी कमरेतून पुढे वाका, गुडघे थोडे दुमडा आणि हात पोटाखाली धरा. ताठ उभं राहून शिंकलात तर लिगामेंटला एकदम हिसका बसतो. अंथरुणातून, खुर्चीतून, संडासातून उठताना घाई नको. दिवसभर पोट ओढल्यासारखं वाटत असेल तर पोटाला खालून उचलून धरणारा रुंद, मऊ पट्टा उभं राहायच्या कामांपुरता वापरा.

सांधे दुखत असतील तर

इथे मूळ सूत्र तीन गोष्टींचं आहे. भार दोन्ही पायांवर सारखा, गुडघे जवळ, आणि पाय जमिनीवर रोवून कमरेतून पीळ नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच सूत्रावर उभं आहे.

*कूस बदलणं.* रात्रीचा सगळ्यात मोठा त्रास हाच, म्हणून सुरुवात इथूनच.

१. झोपताना कुशीवर, गुडघे दुमडून झोपा. दोन्ही पायांच्या मध्ये उशी हवी, आणि ती गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पोचली पाहिजे. नुसत्या गुडघ्यांत ठेवलेल्या उशीनं वरचं पाऊल खाली लोंबतं आणि खुबा पिळला जातो. पोटाखाली एक छोटी पातळ उशी सरकवा.

२. वळायच्या आधी गुडघे एकमेकांवर दाबून धरा, ओटीपोट हलकेच आत घ्या आणि श्वास सोडायला लागा.

३. श्वास सोडता सोडता खांदे, कंबर आणि गुडघे एकदमच वळवा. आधी खांदे आणि मग कंबर असं केलंत की सांधा पिळला जातो आणि तिथेच कळ येते.

४. हेही जमत नसेल तर हातांवर-गुडघ्यांवर या, त्या अवस्थेतच वळा आणि दुसऱ्या कुशीवर आडव्या व्हा. दिसायला विचित्र आहे, पण खूप दुखत असेल तेव्हा हाच मार्ग सोपा पडतो.

चादर किंवा कपडे, दोहोंपैकी एक गुळगुळीत असलं तर अंग सहज सरकतं. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपायचं, बाळाच्या सुरक्षिततेसाठीही ते गरजेचं आहे. मधेच जाग आल्यावर उताणी सापडलात तर घाबरू नका, पुन्हा कुशीवर व्हा.

*अंथरुणातून उठणं.* उताणं असताना थेट उठून बसायचं नाही. कुशीवर या, दोन्ही पाय एकत्र पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी हातांनी रेटा देऊन बसत्या व्हा. थोडं थांबा. मग दोन्ही पावलं जमिनीला टेकवून उभ्या राहा.

*बसणं आणि उभं राहणं.* खोल, मऊ सोफा टाळा. उठताना खुर्चीच्या कडेला सरका, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, पुढे झुका आणि हातांनी दाब देत उठा. पायावर पाय टाकून बसू नका. मांडी घालून किंवा उकिडवं बसल्यावर समोरच्या हाडात दुखत असेल तर तेही सध्या बंद. उभं असताना एका पायावर भार टाकून कंबर एका बाजूला काढायची आपल्याला इतकी सवय असते की ते लक्षातच येत नाही. लक्षात आलं की दोन्ही पायांवर या.

*कपडे.* पॅन्ट, अंतर्वस्त्रं, मोजे, चपला, सगळं बसून घाला. एक पैसाही न खर्चता सगळ्यात लवकर गुण येतो तो याच बदलाचा.

*जिना.* एका पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढची पायरी. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी. कठडा धरायचाच. वरच्या मजल्यावरची कामं साठवून ठेवा आणि एकाच फेरीत उरका.

*गाडी.* आधी सीटकडे पाठ करून बसा, मग घट्ट स्कर्ट घातल्यासारखे दोन्ही गुडघे जोडून पाय एकदम आत फिरवा. उतरताना उलट क्रमानं. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर वळणं सोपं होतं, मात्र गाडी सुरू होण्याआधी ती काढून टाका, नाहीतर सीटबेल्टखालून घसरायला होतं. बेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर हवा.

*घरातली कामं आणि मोठं मूल.* जड ढकलणं-ओढणं, वाकून पीळ देत केर काढणं, एका हातात जड पिशवी, ही कामं सांध्यांना सगळ्यात जास्त नडतात. ती शक्य तितकी दुसऱ्या कुणावर सोपवा. पिशवी उचलायचीच असेल तर वजन दोन्ही हातांत वाटून घ्या. मुलाला कडेवर घेणं हा तर एका खुब्यावर टाकलेला पूर्ण भार. तुम्ही बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या. रडारड होईल दोन दिवस, होऊ द्या.

शरीरसंबंधांना मनाई नाही. कुशीवरची किंवा हातांवर-गुडघ्यांवरची स्थिती सोयीची पडते. दुखतंय हे जोडीदाराला स्पष्ट सांगा.

एक गोष्ट मात्र फसवी आहे. हे दुखणं बऱ्याचदा काम करताना येत नाही, ते संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी येतं. सोमवारी तासभर दुकानात फिरलात, मजा आली, काही दुखलं नाही, आणि मंगळवारी सकाळी पाऊल टाकवत नाही. मग दोष मंगळवारच्या एखाद्या किरकोळ हालचालीला जातो. जास्त दुखलं त्या दिवशी आदल्या दिवशी काय काय केलं ते वहीत लिहून ठेवा. थोड्याच दिवसांत आपली मर्यादा कळते. मग सलग तासभर चालण्याऐवजी तेच अंतर तुकड्या-तुकड्यांत, लहान पावलं टाकत चाला. आणि बरं वाटतंय त्या दिवशी आठवड्याची कामं काढून बसू नका.

व्यायाम: थोडे, पण रोज

सुरू करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा. रक्तस्राव, वार खाली असणं किंवा मुदतपूर्व प्रसूतीची भीती असेल तर व्यायामाचं गणितच वेगळं असतं.

- पेल्व्हिक फ्लोअर, म्हणजे पेल्व्हिसच्या तळाचे स्नायू. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरतोय असे आतले स्नायू वर ओढा. ५ ते १० सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका.
- ओटीपोटाचे खोल स्नायू. कुशीवर किंवा हातांवर-गुडघ्यांवर असताना श्वास सोडत बेंबीखालचा भाग हलकेच पाठीकडे ओढा. श्वास न रोखता काही सेकंद धरा.
- पाठ वर, पाठ सपाट. हात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. पाठ छताकडे गोल करा, मग सपाट करा. सपाटच्या खाली कंबर लोंबू देऊ नका.
- गुडघ्यांत उशी. खुर्चीत बसून गुडघ्यांच्या मध्ये उशी धरा आणि हलकेच दाबा. ५ सेकंद दाब, मग सोडा, दहा वेळा. दुखलं तर जोर कमी करा, तरी दुखलं तर सोडून द्या.

पाण्यातले व्यायाम छान मानवतात, कारण पाणी भार उचलतं. फक्त पोहताना बेडकासारखे पाय फेकू नका.

इथे थोडं आग्रहानं सांगावंसं वाटतं. गरोदरपणाच्या वर्गांमध्ये बद्धकोनासन, ज्याला बटरफ्लाय म्हणतात, आणि खोल बैठका सरसकट सगळ्यांना करायला लावतात. ज्यांना त्रास नाही त्यांना ते ठीकच आहे. पण समोरचा सांधा दुखत असताना मांड्या ताणून फाकवणं म्हणजे दुखऱ्या जागीच ताण देणं. एका पायावर तोल सांभाळायची आसनंही तशीच. 'केल्यानं मोकळं होईल' असं वर्गात सांगितलं तरी नम्रपणे नाही म्हणा. व्यायाम करताना किंवा त्या रात्री दुखणं वाढलं तर तो व्यायाम सध्या तुमच्यासाठी नाही, एवढी कसोटी पुरे.

पट्टा, शेक, गोळी

पट्ट्यांमध्ये गल्लत होते. पोट उचलून धरणारा पट्टा वेगळा आणि पेल्व्हिसचा पट्टा वेगळा. दुसरा अरुंद असतो आणि तो पोटाच्या खाली, खुब्यांभोवती घट्ट बसतो. कुणाला लगेच आधार वाटतो, कुणाला काहीच फरक पडत नाही. लावल्यावर दुखणं वाढलं तर काढून टाका. चालताना, काम करताना वापरा, झोपताना काढा. शक्य असेल तर एकदा फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या. चुकीच्या उंचीवरचा पट्टा नुसताच काचतो.

शेक कोमट, कापडात गुंडाळलेल्या पिशवीनं, कमरेला किंवा खुब्याला दहा-पंधरा मिनिटं. पोटावर गरम पिशवी नको, कढत पाण्याच्या टबात बसणंही नको. समोरच्या हाडावर ठणका असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहाएक मिनिटं धरून पाहा.

गरोदरपणात दुखण्यासाठी सहसा पॅरासिटामॉल सुचवतात, तेही डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढंच आणि कमीत कमी दिवस. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० साली इशारा दिला की २० आठवड्यांनंतर या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. काही मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला हेच औषध असतं, तेव्हा पाकिटावरची घटकांची ओळ वाचा. चोळायच्या जेललाही आधी विचारा. मात्र डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली असेल तर ती मनानं बंद करू नका.

फिजिओथेरपिस्टकडे लवकर जा

आठवडाभर हालचाली सांभाळूनही फरक नसेल, किंवा झोप आणि चालणं बिघडलं असेल, तर थांबू नका. शक्यतो गरोदर स्त्रियांवर उपचार करण्याचा अनुभव असलेली व्यक्ती शोधा. ती सांधे, कंबर, खुबे तपासते आणि उताणं झोपवून एकेक पाय उचलायला सांगते. निदान या तपासणीतूनच होतं, त्यासाठी एक्स-रेची सहसा गरज नसते. हातांनी केलेले उपचार, नेमके व्यायाम आणि फार दुखत असेल तर कुबड्या, असं ती ठरवते. कुबड्या म्हटल्यावर मन खचतं, पण त्या थोड्या काळापुरत्या असतात आणि त्यांच्यामुळे हिंडणं-फिरणं चालू राहतं. दिवसचे दिवस पडून राहिल्यानं स्नायू कमजोर होतात आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

बाळंतपणाची तयारी

या दुखण्यामुळे सिझेरियन करावं लागतं असा समज आहे. बहुतेक जणींची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. त्याआधी घरी एक मोजमाप करून ठेवा. शेवटच्या आठवड्यांत पलंगाच्या कडेला बसून गुडघे हळूहळू दूर न्या. दुखायला लागेल तिथे थांबा आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपनं मोजा. तो आकडा तुमच्या फाइलमध्ये ठळक लिहा आणि प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना, नर्सना दाखवा. शक्य तोवर पाय त्यापेक्षा जास्त फाकवायचे नाहीत आणि हलवायचे तर दोन्ही एकदम.

कुशीवर वरच्या पायाला आधार देऊन, गुडघ्यांवर किंवा हातांवर-गुडघ्यांवर, या स्थिती सांध्यांना सोप्या जातात. प्रसूतीच्या टेबलाच्या रिकिबीत (पाय वर टेकवायच्या आधारात) पाय अडकवून उताणं झोपणं जमेल तितकं टाळायचं, वेळ आलीच तर दोन्ही पाय एकदम उचलायचे आणि कमीत कमी वेळ ठेवायचे. एपिड्युरल, म्हणजे कळा कळू नयेत म्हणून पाठीत दिलं जाणारं इंजेक्शन, घेतलंत तर दुखणं कळणार नाही, म्हणजे अंतर ओलांडल्याचंही कळणार नाही. सोबत असणाऱ्या माणसाला तो आकडा पाठ असायला हवा.

बाळंतपणानंतर लिगामेंटची चमक थांबते. सांध्यांचं दुखणं बहुतेक जणींचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातं. तोवर बाळाला घेताना, उचलताना वरचीच सूत्रं पाळा. लंगोट बदलायला कंबरेइतकी उंच जागा निवडा, पाजताना पाठीला टेका घ्या. सहा-आठ आठवड्यांनंतरही पाऊल टाकताना दुखत असेल तर बाळाच्या धावपळीत ते मागे टाकू नका, फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा जा. पुढच्या गरोदरपणात हा त्रास परत होण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना तसं सांगा आणि दुखायची वाट न बघता हालचालींची काळजी आणि व्यायाम सुरू करा.